डोमाजी, संथ घंटा मी वाजवली होती

डोमाजी, तुमच्यासाठी घंटा वाजली नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही रविवारी गेलात. सोमवारी शाळेत बातमी आली तेव्हा पहिला तास संपत आला होता. आपल्या शाळेची रीत तुम्हाला मी काय सांगणार? शाळेचं माणूस गेलं की संथ घंटा. एक टोला द्यायचा, त्याचा आवाज पार विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. वर्गावर नोटीस न्यावी लागत नाही. मुलं आपणहून उभी राहतात, रांगेनं मैदानावर येतात, मान खाली घालून थांबतात आणि न बोलता घरी जातात. सत्तावीस वर्षं ती घंटा तुम्ही वाजवलीत. संस्कृतच्या शास्त्रीबुवांसाठी वाजवलीत, एका जुन्या मुख्याध्यापकांसाठी वाजवलीत, देशातली मोठी माणसं गेली तेव्हाही वाजवलीत. तुमच्या वेळी मात्र नवे मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारात उभे राहून विचारत होते, "संथ घंटा येते का हो कोणाला?"

दुसऱ्या शिपायानं हात झटकले. "मले नुसती तासाची येते जी. थे डोमाजीच वाजवे." मग नोटीस फिरली, आणि मुलं सुट्टी मिळाल्याच्या आनंदात हुंदडत फाटकाबाहेर पडली. त्यांची काय चूक? त्यांना सुट्टी कागदावर मिळाली होती.

मला येते संथ घंटा. त्या दिवशी अख्ख्या शाळेत ती येणारी मी एकटी होते, आणि मी नववी 'अ'च्या वह्या पुढ्यात ओढून तपासत बसले. हात वर केला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. बाई, तुम्हाला कशी काय येते? त्या प्रश्नाला नऊ वर्षं घाबरत आलेली बाई तुमच्या मरणाच्या दिवशी एकदम धीट कशी होणार?

आपली ओळख एका इंग्रजी शब्दावरून झाली. म्हणजे तोंडओळख होतीच. मी नवीन लागलेली इंग्रजीची बाई, आणि तुम्ही जिन्याखालच्या कोनाड्यात दोरीशेजारी स्टुलावर बसणारे. मिशनच्या काळातली ती घंटा पोर्चच्या वर टांगलेली, तिची काथ्याची दोरी छतातून थेट तुमच्या डोक्यावर उतरलेली. माझ्या वर्गाची भिंत आणि तुमचा कोनाडा एकमेकांना चिकटून. त्या दिवशी नववीला एका खेडेगावच्या चर्चवरचा धडा चालू होता. त्यात घंटेच्या आवाजाचे चार वेगवेगळे शब्द होते. पील, चाइम, नेल, टोल. मी चारही फळ्यावर लिहिले आणि चारहींपुढे एकच अर्थ लिहिला, घंटेचा आवाज. तुम्ही नोटिशीची वही घेऊन दारात उभे होतात. मी सही केली, तुम्ही गेलात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आलात.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"एका घंटीले इंग्रजायले इतके शब्द काहून लागत असतीन?"

मी म्हटलं, "त्यांना दुसरा उद्योग नव्हता म्हणून." आजूबाजूचे शिक्षक हसले. तुम्ही हसला नाहीत.

"नाही जी. मले चार घंट्या चार तऱ्हेनं वाजवा लागते. तासाची वेगळी, प्रार्थनेची वेगळी, सुट्टीची वेगळी, मरणाची वेगळी. अन् तुम्ही पोट्ट्यायले चारी एकच सांगून राहिल्या."

मला भयंकर राग आला. एम. ए. होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, पदवीची शाई ओली होती, आणि एक शिपाई माझा फळा दुरुस्त करत होता. खरं तेच लिहिते. तुम्ही इंदोऱ्याहून सायकलनं येणारे चौथी पास शिपाई आणि मी धंतोलीतल्या वकिलाची बहीण, हेही त्या रागात होतं. तुम्हाला गप्प करायचं म्हणून मी कपाटातला जाडजूड कोश काढला. तिथून पुढे जे झालं त्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे. मी स्वतःच तो कोश पहिल्यांदा नीट वाचला.

'पील' म्हणजे घंटांचा खणखणाट, आणि तो शब्द 'अपील'चा तुटलेला तुकडा. म्हणजे हाक, बोलावणं. हे ऐकून तुमच्या तोंडावर जे हसू आलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. "अपील म्हणजे कोर्टातली? मंग बराबर आहे. सुट्टीच्या घंटीची पोट्टे सकाळपासून अपील करून राह्यते, अन् साडेचारले मंजूर होते." मग 'टोल'. संथ, एकसारखी, एकेक टोला देऊन वाजवलेली घंटा, विशेषतः कुणी गेल्यावर. जकातनाक्यावर पैसे घेतात तो टोल वेगळा, त्याचं कूळ वेगळं, एवढं मी मास्तरकीच्या थाटात सांगून घेतलं. आणि ह्या टोलचं मूळ? मी वाचलं आणि थांबले. मला वाटलं होतं आवाजावरून आला असेल, जसं आपलं टणटण, घणघण. तर तसं नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओढणं. आमिष दाखवून जनावराला आपल्याकडे ओढून आणणं, खेचणं. मग दोरी ओढणं. त्यावरून घंटा.

तुम्ही आपले तळहात उलटून पाहिलेत. मग म्हणालात, "मंग हा शब्द ज्यानं बनवला थो घंटी वाजवणारा असन. बाकीच्यायले आवाज ऐकू येते. ओढा लागते हे फक्त त्यालेच माहीत."

डोमाजी, त्यानंतर मी वर्गात कुठलाही शब्द शिकवताना आधी विचारत आले, हा शब्द कुणाच्या हातचा असेल? मुलं मला चांगली शिक्षिका म्हणतात ती ह्या एका सवयीमुळे. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टींची यादी बरीच लांब आहे, त्यातली ही त्यातल्या त्यात सोपी.

अर्थात तुम्ही तेवढ्यावर थांबणारे नव्हतात. दुसऱ्या दिवशी दोरी सोडून दारात हजर. "पण बाई, टोला तर आपलाच शब्द आहे. घड्याळ टोले देते. विटीले मारते थोई टोलाच. इंग्रजायनं आपलाच नेला असन."

"नाही हो, त्यांचा शब्द जुना आहे. ते इथे यायच्या कितीतरी आधीचा."

"आपला काय काल जन्मला?"

ह्या भांडणाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. मी मराठी कोश पाहिले, टोल्याचं मूळ मला कुठे धड सापडलं नाही. तुम्हाला तसं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "नाही सापडलं म्हणजे आपलंच." आणि आज कबूल करते, इंग्रजी कोशातही त्या ओढण्याच्या कथेआधी 'बहुधा' असं छापलेलं होतं. तो शब्द मी तुम्हाला वाचून दाखवला नाही. अडचणीचा शब्द गिळून टाकायची माझी खोड जुनी आहे.

तुमचा दिवस पस्तीस मिनिटांचा होता, हे मला तेव्हा हळूहळू कळलं. दर पस्तीस मिनिटांनी दोरीपाशी असायलाच हवं. त्यामुळे सकाळी साडेदहापासून साडेचारपर्यंत तुम्ही चौकातल्या पानठेल्याच्या पुढे कधी गेला नाहीत. बँकेत जायचं तर दोन तासांच्या मध्ये धावत जायचं. बायको वारली त्या दुपारीही तिसऱ्या तासाची घंटा देऊन मग निरोप्याबरोबर निघालात, असं जुने शिक्षक कौतुकानं सांगायचे. मला त्यात कौतुक वाटलं नाही. कोनाड्यातल्या खिळ्याला टांगलेलं ते मनगटी घड्याळ, दोरीच्या मधल्या गाठीला गुंडाळलेलं मळकं फडकं आणि तुमच्या तळहातांवरचे ते पिवळे घट्टे. तुम्ही एकदाच बोलून गेलात, "बैल बरा बाई. त्याले दुपारी सोडते तरी."

म्हणून लॅबच्या जागेचा तुम्हाला एवढा ध्यास होता. प्रयोगशाळेचा शिपाई त्या वर्षी निवृत्त होणार होता आणि ती जागा तुमची, हे सगळ्यांनी धरलंच होतं. तिथे बाटल्या धुवायच्या, स्पिरीटचे दिवे भरायचे, चाव्या सांभाळायच्या. दोरी नाही. तुम्ही मधल्या सुट्टीत लॅबच्या खिडकीतून आत बघत उभे राहायचात. तुम्हाला पगार वाढायला नको होता. मोकळी दुपार हवी होती.

आता त्या बुधवारचं लिहायला हवं. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत मी तेच टाळते आहे, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आणीबाणीचं वर्ष होतं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना शिस्तीचा ताप चढला होता. भिंतीभिंतीवर पाट्या, उशिरा आलं की लाल शेरा. तुमची पंचशीला, धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी जन्मली म्हणून तुम्ही हौसेनं ते नाव ठेवलेली एकुलती एक लेक, कोराडीला वीज केंद्राच्या कॉलनीत नांदत होती. माहेरी आई नाही म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगी झाली. बारसं बुधवारी, भर दुपारी. माहेराकडून जायला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा मागितली, आणि साहेब म्हणाले, "देशात शिस्त आली आहे आणि तुम्हाला बारसं सुचतंय? घंटा कोण वाजवील, मी?" दुसरा शिपाई तेव्हा महिनाभर आजारपणाच्या रजेवर होता.

तुम्ही कोनाड्यात बसून बाळाचं झबलं आणि टोपडं पुन्हा पुन्हा घडी घालत होतात. मला ते बघवेना. मी म्हटलं, "तुम्ही जा. घंटा मी देते."

"तुमच्यानं नाही होणार जी."

"का? ओढायचीच तर आहे."

दोन दिवस तुम्ही मला शिकवलंत. दुपारी, मुलं डबे खात असताना, घंटेच्या लोलकाला फडकं बांधून, आवाज न होऊ देता. तासाच्या घंटेला दोरी हातात आखूड धरून, जितवा तास तितके भराभर झटके द्यायचे, सुट्टीला लांब झोके. आणि मीच हट्ट केला म्हणून संथ घंटाही दाखवलीत. "ओढाचं, सोडाचं, अन् मंग हातच लावाचा नाही. थांबणं हेच काम." तुमच्या हाताखाली शिकताना मला वाटलं, मी ह्या माणसाला एक दुपार मोकळी करून देते आहे. किती फुशारकी होती त्यात! बर्डीवरून कोराडीची बस पकडायला तुम्ही निघालात तेव्हा फाटकाशी मागे वळून म्हणालात, "सुट्टीच्या लांब घंटीच्या आत येतो. मधल्या तीन सांभाळजा."

पहिली मी झकास दिली. पाच टोले, अगदी तुमच्यासारखे. पण उजव्या तळहाताची साल निघाली. पुढच्या पस्तीस मिनिटांत तिथे मोठा फोड आला, आणि सहाव्या तासाला दोरी धरली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पहिला टोला दिला आणि दोरी हातातून निसटून वर गेली. ती खाली आणून पुन्हा धरेपर्यंत आवाज विरला होता. दुसरा दिला, फोड फुटला. पदर गुंडाळून तिसरा दिला. तेव्हा भिंतीपलीकडे बाकं सरकल्याचा आवाज आला. मग माडीवरून. मग सगळीकडून. सगळी शाळा उभी राहत होती, डोमाजी. चुकलंय हे कळल्यावर मधेच थांबायचं की सहा पुरे करायचे, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. मी सहा पुरे केले. तसेच, सावकाश.

पुढचं सगळं भयंकर आणि हास्यास्पद होतं. मुलं शिस्तीत मैदानावर आली. ड्रिलचे सर सावधान म्हणाले. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दिवसांत कोण गेलं असं मोठ्यानं विचारायची कुणाची छाती नव्हती. पानठेल्यावाल्यानं रेडिओ बंद केला. चौकातल्या दोन दुकानांची शटरं खाली ओढली गेली. शेजारच्या प्राथमिक शाळेनं आमचं बघून आपलीही मुलं सोडली. दिल्लीत काहीतरी झालं, अशी कुजबुज बर्डीपर्यंत पोचली, आणि तासाभरात एक हवालदार सायकल टेकवून साहेबांना विचारत होता, "घंटी कशाची दिली?" साहेबांचा चेहरा फळा पुसायच्या फडक्यासारखा झाला होता.

तुम्ही सव्वाचारला आलात. पिशवीत घुगऱ्यांचा पुडा. वाटेतच तुम्हाला चारजणांनी 'कोण गेलं' म्हणून विचारलं असणार. आम्ही सगळे शिक्षक ऑफिससमोर उभे होतो. घंटा देऊन तुम्ही भीतीनं कुठेतरी दडून बसलात, अशीच साहेबांची समजूत होती. ते ओरडले, "ही कोणती घंटा दिलीत?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या चेहऱ्याकडे नाही, मुठीकडे. मी मूठ पदराखाली घेतली.

"चुकली जी," तुम्ही म्हणालात. "हात चुकला माहा."

"इतक्या वर्षांत नाही चुकला, आज बरा चुकला?"

"आज चुकला."

आणि मी उभी होते. तोंडात जीभ होती, पायाखाली जमीन होती, सगळं जागच्या जागी होतं, आणि मी काही बोलले नाही.

सगळे पांगल्यावर मी कोनाड्यात आले. तुम्ही पुड्यातल्या घुगऱ्या माझ्या चांगल्या हातावर घातल्यात. "खा. नातीचं नाव ठेवलं, उज्ज्वला." मी रडायला लागले. तुम्ही मला व्यवहार समजावून सांगितलात. खरं सांगितलं तर तुम्ही न विचारता कामावरून गेलात हे उघड होणार, त्या दिवसांत थेट निलंबन. खोटं सांगितलं तर नुसती चूक. "अन् तुम्ही अजून परमानेंट नाही झाल्या बाई. माही नोकरी काही एका चुकीनं जात नाही."

"पण लॅबची जागा?"

"पाहू."

"मी जूनमध्ये कायम झाले की स्वतः साहेबांना सांगते. तोवर हे शिस्तीचं वारंही ओसरेल. मी सांगते, डोमाजी."

"सांगजा," तुम्ही म्हणालात. "घाई नाही."

तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडला. कामात गंभीर बेजबाबदारपणा. लॅबची जागा दुसऱ्याला गेली. जूनमध्ये मी कायम झाले. पुढच्या वर्षी आणीबाणी उठली, साहेबांच्या पाट्या उतरल्या. आता सांगू, मग सांगू. भावाच्या घरात राहत होते, लोक काय म्हणतील. मग साहेब निवृत्त झाले, आता कुणाला सांगू? मग मी पर्यवेक्षिका झाले, आता कसं सांगू? प्रत्येक वर्षाला त्याचं त्याचं कारण मिळत गेलं. लॅबची जागा मधे दोनदा पुन्हा निघाली. दोन्ही वेळा तुमचा अर्ज त्या शेऱ्यावर अडला. दोन्ही वेळा मी त्याच इमारतीत होते, भिंतीपलीकडे.

आणि दरवर्षी तो धडा यायचाच. दरवर्षी मी फळ्यावर 'टोल' लिहायची आणि मुलांना सांगायची की ह्याचं मूळ आवाजात नाही, ओढण्यात आहे. भिंतीपलीकडून तुमची दोरी ताणल्याचा बारीक करकर आवाज यायचा. वर्गाचं दार उघडं असायचं, फाटक उघडं असायचं, आणि आपण दोघंही तिथून हलू शकत नव्हतो. फरक एवढाच, की तुमची दोरी माझ्या हातात होती. एक वाक्य बोलायचं होतं मला.

तुम्ही कधी विषय काढला नाहीत. ह्याचा मी सोयीचा अर्थ लावला. तुम्ही पूर्वीसारखेच दाराशी यायचात, टोल्याचं भांडण उकरून काढायचात. गेल्या उन्हाळ्यात, सकाळची शाळा होती, तुम्ही घाम पुसत म्हणालात, "बाई, पोट्टे बॉल टोलवते, थोई आपलाच." मी म्हटलं, "तो आपला, पण त्यांचा त्यांचा." तुम्ही हसलात. मी मनात म्हटलं, हा माणूस विसरलाय. माफ केलंय ह्यानं. भांडण चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. कधीकधी तर माझा तुमच्यावर रागही असायचा, डोमाजी. एकदा तोंडावर बोलला असतात, शिवी दिली असतीत, तर मी सुटले असते. पण तुम्ही मला तेवढंही दिलं नाहीत, असं वाटायचं. बघा, कुणाचं ओझं कुणावर टाकत होते मी.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी अर्ज लिहिला. त्या बुधवारची संथ घंटा मी वाजवली होती, डोमाजी निर्दोष होते, शेरा रद्द करावा. खाली सही, हुद्दा. नव्या साहेबांनी दोनदा वाचला. भले गृहस्थ आहेत. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बाई, हे आता कशाला? सेवापुस्तक तर बंद झालं. त्या माणसाला काय उपयोग?" मी म्हटलं, "ठेवून तरी घ्या." ते म्हणाले, "ठेवतो तर कशात ठेवू, सांगा."

मग तो कागद पर्समध्ये घालून मी इंदोऱ्याला आले, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या घरी. तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी तुमचा शाळेच्या गॅदरिंगच्या ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला फोटो. वंदना झाली, माणसं पांगली. पंचशीला माझ्याशेजारी येऊन बसली. मी कागद तिच्या हातात दिला. बोलायचं धैर्य तेव्हाही नव्हतंच, कागदाच्या आड उभी होते. तिनं सावकाश वाचला, घडी घातली, परत दिला.

"माहीत आहे जी मले," ती म्हणाली.

"डोमाजींनी सांगितलं होतं?"

"हाव. उज्ज्वलाच्या बारशाचीच गोष्ट, घरात सगळ्यायले माहीत आहे."

मी विचारलं, "रागावले होते का माझ्यावर?" काय उत्तर हवं होतं मला, ते तुम्हाला कळलंच असेल. नाही म्हणाली असती तर मी तिथेच पाया पडून मोकळी होणार होते.

ती तुमच्या फोटोकडे बघत राहिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"राग नाही जी. बाबा दर जूनले शाळा उघडली का म्हणे, यंदा बाई सांगतीन. लॅबची जागा निघाली तईई म्हणे, आता बोलतीन बाई, त्याहिनं शब्द देला आहे. मी म्हणो, बाबा, तुम्हीच काहून नाही सांगत? तर म्हणे, नाही, त्याहिलेच सांगू दे." ती थांबली. "या जूनलेई म्हणे."

डोमाजी, मला वाटत होतं तुम्ही मला कधीच सोडून दिलंत. तुम्ही वाट बघत होतात.